पहिलं कम्युटेशन फेल्युअर ग्रिडचं, दुसरं कंट्रोलचं: पडघे इन्व्हर्टरचा प्रकरण अभ्यास

मुंबईहून नाशिककडे जाताना भिवंडी मागे पडली की पडघे लागतं. तिथल्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेच्या) केंद्रात चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर आलेली डीसी वीज पुन्हा एसी होते आणि ४०० केव्ही बसवरून, म्हणजे सगळ्या वाहिन्या जिथे जोडल्या जातात तिथून, मुंबई-ठाण्याच्या पट्ट्याकडे निघते. दोन पोल, म्हणजे डीसीचे दोन वेगळे मार्ग, प्रत्येकी ७५० मेगावॉट. एक अधिक ५०० केव्हीचा, दुसरा उणे ५०० केव्हीचा. पूर्ण भारावर प्रत्येक पोलमधून १५०० अँपिअर. तेव्हाच्या राज्य विद्युत मंडळाने एबीबी आणि भेल यांच्याकडून ही जोडणी उभारून घेतली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यावर महापारेषणकडे आली.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात त्या वेळी २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचे तीन, असे एकूण २३४० मेगावॉटचे संच होते. वीज विदर्भात, मागणी कोकणपट्टीत, आणि मध्ये सगळा महाराष्ट्र आडवा. इतकी वीज फक्त ४०० केव्ही एसी वाहिन्यांवरून नेली तर दोन टोकांच्या व्होल्टेजच्या लाटांमधला कोन वाढत जातो आणि एखादी वाहिनी सुटली की झोके सुरू होतात. म्हणून डीसी घेतलं. डीसीला कोनाचा प्रश्न नाही, पॉवर हवी तितकीच जाते. मात्र स्थिरतेसाठी घेतलेल्या या जोडणीची स्वतःची स्थिरता पडघ्याच्या टोकाला, म्हणजे डीसीचं एसी करणाऱ्या इन्व्हर्टरवर, अडकलेली असते. सहसा तो भाग लोकांना ठाऊक नसतो.

इथे एकच प्रसंग घेतो. पडघ्याच्या जवळच्या ४०० केव्ही वाहिनीवर ए फेजचा जमिनीशी फॉल्ट होतो. पडघ्याच्या बसवर ए फेजचं व्होल्टेज ४० टक्के पडतं, बी आणि सी जागच्या जागी राहतात. १०० मिलिसेकंदांत ब्रेकर फॉल्ट तोडतो. समुद्राकडून येणारी खारट हवा, कारखान्यांची धूळ आणि पहाटेचं दव असलेल्या या पट्ट्यात इन्सुलेटरवर असा फॉल्ट होणं नवलाचं नाही. हा कुठल्या एका तारखेचा अहवाल नव्हे. खालचे आकडेही पडघ्याच्या कंट्रोल रूममधल्या सेटिंगचे नाहीत, या जातीच्या जोडणीचा अभ्यास करताना जे ठराविक आकडे धरतात ते आहेत.

व्हॉल्व्हला लागणारा वेळ

पडघ्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारे स्विच, थायरिस्टरचे आहेत. थायरिस्टरला सुरू करता येतं, बंद करता येत नाही. त्यातला करंट बाहेरच्या व्होल्टेजने शून्यावर आणावा लागतो. इन्व्हर्टरमध्ये हे काम पडघ्याची एसी ग्रिड करते. पुढचा व्हॉल्व्ह फायर झाला, म्हणजे सुरू केला गेला, की ग्रिडचं लाइन व्होल्टेज चालू व्हॉल्व्हमधला करंट ओढून पुढच्यात ढकलतं. या हस्तांतराला कम्युटेशन म्हणतात, आणि त्याला जितका वेळ लागतो तो ओव्हरलॅप.

करंट शून्यावर आल्यानंतरही थायरिस्टर लगेच बंद होत नाही. दार लोटलं पण कडी लागलेली नाही, अशी ती अवस्था असते. साधारण ४०० मायक्रोसेकंदांच्या आत बाहेरून सुलट व्होल्टेजचा धक्का बसला तर दार पुन्हा उघडतं. हेच कम्युटेशन फेल्युअर. ५० हर्ट्झवर एक अंश म्हणजे ५५.६ मायक्रोसेकंद, म्हणून ही कडी लागायला ७.२ अंश हवेत. रोजच्या कामकाजात कंट्रोल १८ अंश हाताशी ठेवतो, म्हणजे बरोबर एक मिलिसेकंद. या कोनाला एक्स्टिंक्शन अँगल किंवा गॅमा म्हणतात. व्होल्टेज उलटण्याच्या क्षणाआधी किती अंश फायरिंग करायचं तो कोन म्हणजे बीटा. बीटामधून ओव्हरलॅप गेला की उरतो तो गॅमा.

कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स १६ टक्के धरला तर पूर्ण करंटवर हिशेब असा बसतो: गॅमाचा कोसाइन उणे बीटाचा कोसाइन बरोबर ०.१६. गॅमा १८ अंश म्हणजे कोसाइन ०.९५१. बीटाचा कोसाइन मग ०.७९१, बीटा ३७.७ अंश, ओव्हरलॅप जवळपास २० अंश. ते ०.१६ स्थिर नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं. करंट वाढला की ते त्याच प्रमाणात वाढतं, व्होल्टेज घसरलं की त्याच प्रमाणात भागलं जातं. दोन्ही एकदम झालं तर गॅमा दोन्हीकडून कापला जातो.

पहिले पाच मिलिसेकंद

एक फेज ४० टक्के पडला तर इन्व्हर्टरला नेमकं काय दिसतं? प्रत्येक पोलमध्ये दोन ब्रिज, म्हणजे व्हॉल्व्हचे दोन संच, एकावर एक असतात. एकाचा ट्रान्सफॉर्मर स्टार-स्टार, दुसऱ्याचा स्टार-डेल्टा, हे वाइंडिंग जोडण्याचे दोन प्रकार. दोघांना एकच फॉल्ट वेगवेगळा दिसतो.

स्टार ब्रिज दोन फेजमधल्या व्होल्टेजवर चालतो. ए फेज ०.६ वर आल्यावर ए-बी व्होल्टेज ०.८१ पटीवर येतं, आणि शिवाय त्याचा कोन ८.२ अंशांनी सरकतो. ए-बी आणि सी-ए यांपैकी एका जोडीत हे सरकणं वेळ देतं, दुसरीत वेळ खातं. जिथे खातं तिथे पाहू. करंट अजून वाढलेला नाही असं धरू. कोसाइनचा हिशेब ०.७९१ अधिक ०.१६ भागिले ०.८१, म्हणजे ०.९८९. कोन ८.५ अंश. त्यातून ८.२ गेले. उरले ०.३ अंश. कडी लागायला ७.२ हवेत.

डेल्टा ब्रिजला दुसऱ्या तऱ्हेचा फटका बसतो. डेल्टात झिरो सिक्वेन्स व्होल्टेज, म्हणजे तिन्ही फेजमधला सारखा भाग, उतरत नाही, त्यामुळे पडलेल्या फेजच्या वाइंडिंगवर ०.६ ऐवजी ०.७३ येतं आणि कोन सरकत नाही. पण ०.७९१ अधिक ०.१६ भागिले ०.७३ केलं की बेरीज एकच्या वर जाते. कोसाइन एकच्या वर जात नाही, म्हणजे तो करंट उपलब्ध वेळेत पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊच शकत नाही. स्टार ब्रिज कोन सरकल्यामुळे फसतो, डेल्टा ब्रिज व्होल्टेज खोल गेल्यामुळे. आणि दोन्ही पोल त्याच एसी बसवर असल्यामुळे दोन्ही एकदमच.

फॉल्ट लांबचा असता आणि फेज २० टक्केच पडला असता तर गोष्ट वेगळी होती. स्टार ब्रिजला १०.७ अंश उरले असते, डेल्टाला १२.७. दोन्ही वाचले असते, निदान काही मिलिसेकंद. कारण इन्व्हर्टरचं डीसी व्होल्टेज पडलं की चंद्रपूरकडून येणारा करंट चढू लागतो. तो १० टक्के चढला की हेच आकडे ५.९ आणि ६.२ होतात. म्हणून २० टक्क्यांच्या डिपमध्ये निकाल लागतो तो करंट किती लवकर चढतो त्यावर.

इथे कंट्रोल काहीच करू शकत नाही का? करू शकतो, पण त्याला वेळ लागतो. फॉल्टची चाहूल देणाऱ्या योजना असतात. तीन फेजच्या व्होल्टेजची बेरीज शून्य राहते का, त्यांचा फिरता व्हेक्टर अचानक आखडला का, हे सतत पाहायचं आणि शंका येताच बीटा वाढवायचा. बीटा फक्त ६ अंशांनी वाढवला, म्हणजे फायरिंग ३३३ मायक्रोसेकंद आधी केलं, तर ४० टक्क्यांच्या डिपमध्येही स्टार ब्रिजला १४.७ अंश मिळतात आणि डेल्टाला जवळपास २०. म्हणजे कोन पुरेसा आहे. पण ओळखायला दोन-तीन मिलिसेकंद जातात आणि बारा पल्सच्या ब्रिजमध्ये दर १.६७ मिलिसेकंदाला एक फायरिंग होत असतं. कंट्रोल सावध होईपर्यंत एक-दोन व्हॉल्व्ह आधीच फायर झालेले असतात, आणि फायर झालेल्या थायरिस्टरला परत बोलावता येत नाही. त्यातच ग्रिडच्या लाटेचा ताल धरून फायरिंगची वेळ ठरवणारा पीएलएल मुद्दाम सावकाश ठेवलेला असतो, नाहीतर हार्मोनिक्सच्या, म्हणजे मूळ लाटेवरच्या जलद लहरींच्या, मागे धावत तोच भरकटेल. सरकलेले ८.२ अंश त्याला दिसेपर्यंत एखादी सायकल सहज निघून जाते.

त्यामुळे जवळच्या फॉल्टमध्ये पहिलं फेल्युअर मी कंट्रोलच्या खात्यावर टाकत नाही. तो ग्रिडचा धक्का आहे. चाहूल देणाऱ्या योजनेचा खरा उपयोग लांबच्या, उथळ डिपमध्ये होतो, आणि तसे डिप संख्येने जास्त असतात. जवळच्या फॉल्टसाठी ती कमी पडली म्हणून तिला दोष देणारे अहवाल लिहिले जातात, ते अन्यायाचं आहे.

पुढचे शंभर मिलिसेकंद

करंट पुढच्या व्हॉल्व्हमध्ये गेला नाही, जुना व्हॉल्व्ह पुन्हा वाहू लागला, आणि थोड्याच वेळात त्याच शाखेतला समोरचा व्हॉल्व्ह फायर झाला. आता डीसी बाजूला सरळ शॉर्ट. ब्रिजचं डीसी व्होल्टेज शून्य, पडघ्याला जाणारी पॉवर शून्य. चंद्रपूरला मात्र अजून काही कळलेलं नाही. लाट ७५२ किलोमीटर जायला अडीच मिलिसेकंद लागतात. तोवर, आणि तिथल्या रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या कन्व्हर्टरचा) कंट्रोल मागे खेचेपर्यंत, करंट चढत राहतो. सगळा मिळून एक हेन्री इंडक्टन्स धरला आणि संपूर्ण ५०० केव्ही त्यावर आलं तर मिलिसेकंदाला ५०० अँपिअर चढण्याइतका जोर असतो. स्मूदिंग रिअॅक्टर (डीसी करंटचे चढउतार रोखणारी कॉइल) आणि रेक्टिफायरची चपळाई यांच्यामुळे तो थोड्याच वेळात आवरला जातो.

मग व्हीडीकॉल कामाला येतो: डीसी व्होल्टेज पडलं की करंटची ऑर्डर कमी करणारा अंकुश. व्होल्टेज सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या खाली गेलं की ऑर्डर उतरू लागते आणि ठराविक तळाला, म्हणजे पूर्ण करंटच्या ३० ते ४० टक्क्यांना, येऊन थांबते. आपल्या बाबतीत साधारण ५०० अँपिअर. ऑर्डर बदलताना एक शिस्त पाळावीच लागते. इन्व्हर्टरची करंट ऑर्डर रेक्टिफायरपेक्षा १० टक्के, म्हणजे १५० अँपिअर, कमी असते. हे अंतर कधीच मिटता कामा नये. म्हणून उतरताना आधी इन्व्हर्टर, चढताना आधी रेक्टिफायर. दोन्ही टोकांमधली संदेशवाहिनी नेमकी फॉल्टमध्ये गोंधळली तरी हे टिकावं म्हणून दोन्हीकडचे व्हीडीकॉल आपापल्या जागचं व्होल्टेज पाहून चालतात.

या १०० मिलिसेकंदांत एक गोष्ट चुपचाप घडत असते, ती म्हणजे रिअॅक्टिव्ह पॉवरची, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणाऱ्या पण व्होल्टेज सांभाळणाऱ्या पॉवरची, उलथापालथ. पूर्ण भारावर या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर गॅमा आणि बीटाच्या कोसाइनची सरासरी धरून ०.८७ येतो. १५०० मेगावॉटला त्याला जवळपास ८४५ एमव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवरचं माप) लागतात आणि ते मुख्यतः आवारातल्या फिल्टर बँक, म्हणजे कॅपॅसिटरचे संच, देतात. पॉवर शून्य झाली की कन्व्हर्टर ते घेईनासा होतो. फिल्टर मात्र देतच राहतात.

बस मजबूत असेल, म्हणजे तिची ताकद सांगणारी शॉर्ट सर्किट पातळी १०,००० एमव्हीए असेल, तर ८४५ एमव्हीएआर उरल्याने व्होल्टेज ८ टक्के वर जाईल. तीच पातळी ४००० एमव्हीए असेल तर २१ टक्के. फॉल्ट चालू असेपर्यंत हे झाकलेलं राहतं. ब्रेकर उघडला की उसळतं.

परतीचा रस्ता

१०० मिलिसेकंदांनी ब्रेकर फॉल्ट तोडतो. व्होल्टेज परत येतं. इथून पुढे जे काही होईल त्याला मी कंट्रोलची जबाबदारी मानतो, आणि या प्रकरणातला सगळा जीव याच टप्प्यात आहे.

पॉवर लवकर परत यावी ही मागणी रास्त आहे. निविदांमध्ये फॉल्ट गेल्यापासून ९० टक्के पॉवर अमुक मिलिसेकंदांत परत, अशी अट असते. ती शंभरापासून तीनशेपर्यंत कुठेही असू शकते. कंत्राटदाराला आकडा जितका लहान तितका मिरवायला बरा. पण करंट चढू लागला की काय काय होतं ते पाहा. ओव्हरलॅप वाढतो. कन्व्हर्टर पुन्हा रिअॅक्टिव्ह पॉवर मागू लागतो आणि मागणी पॉवरच्या आधी धावते, कारण सावधगिरी म्हणून गॅमा वाढवलेला असतो. व्होल्टेज आधी वर गेलेलं असतं ते आता खाली येऊ लागतं. एकाएकी व्होल्टेज आलेले ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होऊन इनरश, म्हणजे थोड्या वेळापुरता मोठा करंट, ओढतात, त्यातून दुसरं हार्मोनिक लाटेचा शून्यबिंदू इकडेतिकडे हलवतं. गॅमा मोजायचा तो याच शून्यबिंदूपासून.

समजा परततानाच्या क्षणी तिन्ही फेजचं व्होल्टेज १० टक्के कमी आहे. बीटा जुनाच असेल तर पूर्ण करंटवर गॅमा १४.३ अंश. करंट १० टक्के वर गेला तर ९.४. शून्यबिंदू दोन-तीन अंश हलला की ७.२ ची रेषा ओलांडली. दुसरं फेल्युअर.

तो १० टक्के जास्तीचा करंट येतो कुठून? पहिल्या वेळी तो ग्रिडच्या धक्क्याने आला होता. या वेळी तो बहुतेकदा पॉवर कंट्रोलकडून येतो. पॉवर कंट्रोलला १५०० मेगावॉट भरून द्यायचे असतात. डीसी व्होल्टेज १० टक्के कमी दिसलं की तो करंट ११ टक्के जास्त मागतो. करंट वाढला की रिअॅक्टिव्ह मागणी वाढते, बसचं व्होल्टेज आणखी उतरतं, आणि तो आणखी करंट मागतो. मजबूत बसवर हे चक्र लगेच थांबतं. कमकुवत बसवर एक टोक असं येतं की करंट वाढवला तरी पॉवर वाढत नाही, उलट घटते. त्या टोकापलीकडे पॉवर कंट्रोल म्हणजे व्होल्टेज कोसळवण्याचं यंत्र आहे.

म्हणून बसची ताकद मोजण्याचा ठोकताळा लागतो. शॉर्ट सर्किट पातळीतून फिल्टरचे एमव्हीएआर वजा करून डीसी पॉवरने भागायचं. वरच्या दोन उदाहरणांत १०,००० वाल्या बसला हा भागाकार ६.१ येतो, ४००० वाल्या बसला २.१. तीनच्या वर असेल तर निवांत, दोनच्या आसपास आलं की तेच टोक जवळ आलं असं समजावं. पडघ्याला कळवा, बाभळेश्वर अशा दिशांच्या ४०० केव्ही वाहिन्या येऊन मिळतात, त्यामुळे एरवी ही बस कमकुवत म्हणता येणार नाही. पण ताकद वाहिन्यांवर अवलंबून असते आणि वाहिन्या एकदम सुटू शकतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली त्या दिवशी कळवा-पडघे वाहिन्यांचं नाव पहिल्यांदा सामान्य वाचकाच्या तोंडी आलं. कंट्रोलचं ट्यूनिंग सगळ्या वाहिन्या असतानाच्या बसवर करायचं की दोन कमी असतानाच्या, हा निर्णय म्हणूनच कागदी नाही.

कॉन्स्टंट गॅमा कंट्रोलमध्येही एक खोड आहे. गॅमा १८ वर घट्ट धरला तर रिअॅक्टिव्ह खर्च सगळ्यात कमी, पॉवर सगळ्यात जास्त. कागदावर हे आदर्श. पण या पद्धतीत करंट वाढला की इन्व्हर्टरचं डीसी व्होल्टेज उतरतं. म्हणजे रेक्टिफायरला समोर ऋण रेझिस्टन्स दिसतो. रेक्टिफायर करंट सांभाळतोय तोवर चालून जातं. चंद्रपूरच्या बाजूला व्होल्टेज कमी झालं आणि रेक्टिफायरचा फायरिंग अँगल तळाला टेकला, तर दोन्ही टोकांच्या रेषा जवळजवळ समांतर उतरत्या होतात. त्या कुठे छेदतात हे नक्की राहत नाही आणि कंट्रोल दोन जागांमध्ये हेलकावे खातो. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: करंट आणि ऑर्डर यांत फरक दिसला की गॅमा थोडा वाढवायचा, म्हणजे रेषेला तेवढ्या पट्ट्यात चढता उतार मिळतो. कमकुवत बसवर कॉन्स्टंट व्होल्टेज कंट्रोल त्याहून बरा. थोडी रिअॅक्टिव्ह पॉवर वाया जाते, ती मी आनंदाने देईन.

आता फिल्टरकडे वळू. पॉवर शून्य असताना व्होल्टेज उसळलं आणि ओव्हरव्होल्टेज रिलेने घाईत प्रत्येकी २०० एमव्हीएआरच्या दोन बँक काढल्या, तर पुढच्या क्षणी परतणाऱ्या पॉवरला ४०० एमव्हीएआर कमी पडतात. ४००० वाल्या बसवर हा १० टक्क्यांचा खड्डा आहे. म्हणजे वर धरलेला १० टक्क्यांचा डिप फॉल्टने नव्हे, आपल्याच रिलेने तयार केला. काढलेली बँक लगेच परत घालता येत नाही, कॅपॅसिटर डिस्चार्ज व्हावे लागतात. ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर बदलणाऱ्या टॅप चेंजरची तर इथे बातच नको. तो सेकंदांत चालतो, आपण मिलिसेकंदांत बोलतोय. फिल्टर ट्रिपचा वेळ पॉवर परतीच्या वेळेपेक्षा मोठा हवा, आणि तोवरचं उसळलेलं व्होल्टेज अरेस्टरने (जास्तीचं व्होल्टेज आवरणाऱ्या साधनाने) सोसायला हवं. हे दोन आकडे बहुधा दोन वेगळ्या विभागांच्या फाइलीत असतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

चंद्रपूरकडून पाहिलं तर

इकडे पडघे सावकाश चला म्हणतंय, तिकडे चंद्रपूरला घाई आहे. पॉवर पाव सेकंद थांबली तर ३७५ मेगाज्यूल ऊर्जा टर्बाइनमधून आलेली असते पण डीसीने गेलेली नसते. ती संचांच्या रोटरमध्ये साठते आणि उरलेली पॉवर समांतर एसी वाहिन्यांवर ढकलली जाते. त्याच वाहिन्यांचा भार हलका करायला डीसी बांधलं होतं.

तरी हा झोका सेकंदाच्या मापाचा असतो. चंद्रपूर आणि पश्चिम महाराष्ट्र यांच्यातल्या झोक्याची एक फेरी साधारण एक ते दोन सेकंदांची. त्यामानाने परतीला १०० ऐवजी २०० मिलिसेकंद लागले तर पहिल्या झोक्याच्या उंचीत थोडीच भर पडते. पण घाईत दुसरं फेल्युअर झालं तर पॉवर पुन्हा शून्यावर, तीही रोटर आधीच पुढे गेलेले असताना. दोन धक्के झोक्याच्या एकाच बाजूला बसतात. आणि फेल्युअर लागोपाठ होत राहिली तर प्रोटेक्शन पोल बंद करतं. मग हिशेब पाव सेकंदाचा राहत नाही. ७५० किंवा १५०० मेगावॉट गेले, आणि ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्राला फोन सुरू होतात.

पॉवर परत आल्यावर डीसी हाच झोका शमवूही शकतं. दोन टोकांच्या फ्रिक्वेन्सीतला फरक पाहून पॉवर थोडी वरखाली करायची, ही सोय अशा जोडण्यांत असते. पण ती सुद्धा करंटमध्येच ढवळाढवळ करते. परतीच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात ती बंद ठेवावी, असं माझं मत आहे.

१.१ सेकंदाने

बरेच अभ्यास फॉल्ट सुटला, पॉवर आली, इथे थांबतात. ४०० केव्ही वाहिनीवर एका फेजचा फॉल्ट असेल तर ब्रेकरचा फक्त त्याच फेजचा भाग उघडतो आणि साधारण एक सेकंदाने आपोआप पुन्हा जोडला जातो (ऑटो-रिक्लोज). फॉल्ट टिकाऊ असेल, समजा इन्सुलेटर फुटलेला किंवा तारेवर काही लटकलेलं, तर १.१ सेकंदाला पडघ्याला तोच ४० टक्क्यांचा डिप पुन्हा. मधल्या सेकंदात वाहिनी दोन फेजवर चालत असते, बसवर असमतोल असतो, डीसीवर १०० हर्ट्झची लहर असते आणि पीएलएल पुरता सावरलेला नसतो.

हा दुसरा धक्का पुन्हा ग्रिडचा, त्यातलं फेल्युअर माफ. पण कंट्रोलने तोवर गॅमाची जास्तीची राखीव काढून टाकलेली असेल तर ती चूक आहे. फॉल्टनंतर वाढवलेला गॅमा, समजा २२ ते २४ अंश, मी दीड सेकंद तसाच ठेवीन आणि मगच १८ वर उतरवीन. रिक्लोजच्या वेळेपेक्षा राखीव मोठी, इतकंच तत्त्व. खर्च काय? दीड सेकंद थोडी जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर आणि डीसी व्होल्टेजमध्ये तीन-चार टक्क्यांची घट.

सेटिंग ठरवायची वेळ आली तर माझा कल असा: व्हीडीकॉल उतरताना चपळ, दहा मिलिसेकंदांच्या आसपास. चढताना मुद्दाम सुस्त, शंभरापेक्षा जास्त. परतीचा एकूण वेळ दोनशे ते अडीचशे, निविदेत शंभर लिहिलेले असले तरी भांडून. परत येताना आधी ठराविक करंटवर स्थिरावायचं, पॉवर कंट्रोल अर्ध्या सेकंदानंतरच जोडायचा. आणि ही सगळी तपासणी पडघ्याच्या दोन वाहिन्या बाहेर आहेत असं धरून.

कुडूस शेजारी आल्यावर

मुंबईसाठीच्या कुडूस ते आरे जोडणीत व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर) तंत्र निवडलं आहे: १००० मेगावॉट, अधिक-उणे ३२० केव्ही. त्यात थायरिस्टरऐवजी आयजीबीटी नावाचे स्विच असतात, ते हुकमाने बंद होतात, म्हणून तिथे कम्युटेशन फेल्युअर हा प्रकारच नाही. शहराच्या पोटात, जागा तोकडी आणि फिल्टरचं आवार परवडत नाही अशा ठिकाणी ही निवड बरोबर आहे.

पण कुडूस पडघ्यापासून फार लांब नाही आणि त्याचा रेक्टिफायर त्याच परिसरातल्या ४०० केव्ही जाळ्यातून पॉवर उचलणार. पडघ्यात डिप आला की तो कुडूसलाही दिसणार. कुडूस स्थिर पॉवर कंट्रोलवर असेल तर डिपमध्ये तो जास्त करंट ओढेल, नेमका तेव्हा, जेव्हा पडघ्याला व्होल्टेज हवं असतं. उलट त्याला डिपमध्ये रिअॅक्टिव्ह पॉवर द्यायची मुभा दिली तर पडघ्याच्या परतीला तो आधार होऊ शकतो, फिल्टर बँकपेक्षा कितीतरी चपळ. यातलं काय होईल ते कुडूसच्या करंट लिमिटमध्ये मेगावॉटला आधी मान मिळतो की एमव्हीएआरला, यावर ठरतं. पडघ्याचे कोन आणि वेळा ठरल्या तेव्हा हा शेजारी नव्हता, त्यामुळे दोन्ही कंट्रोल एकाच मॉडेलमध्ये घालून, १.१ सेकंदाच्या दुसऱ्या धक्क्यासकट, हिशेब नव्याने मांडावा लागेल.